यादीबाहेरचं यंत्र

जानेवारी. गाव ऑगस्टा.
महिना नव्हे, मेन राज्याची राजधानी,
जिथे ऑगस्ट महिनाही फार दिवस टिकत नाही.

वरून सही झाली,
सतरा खात्यांचे सतरा संगणकी संसार मोडून
एकच चूल मांडायची ठरली.
चूल कुठे, ते दोन वर्षं ठरलं नाही.
तोवर माझ्या हाती एक तक्ता:
यंत्राचं नाव. वय. खोली. काम. मालक.
मालक म्हणजे विकत घेणारा नव्हे, खाली तळटीप होती,
बिघडलं तर ज्याची झोप उडेल तो.
(तळटीप माझी. पुढे समितीने ती काढली.)

रस्ते खात्यात यंत्रं एकशे बारा, मालक बारा.
करखात्यात मालक एक, आणि तो सुट्टीवर.
तुरुंग खात्याने दारातूनच परत पाठवलं,
बिल्ला विसरले होते.
आरोग्य खात्यात विचारलं, हे कुणाचं?
लग्नात कुणाचं तरी पोर रडत असावं
तसे सगळे एकमेकांकडे बघू लागले.

मासे व वन्यजीव खातं, तिसरा मजला.
टेबलाखाली, बर्फातल्या बुटांच्या मागे,
एक करडा डबा घुरघुरत होता.
वर चिकटपट्टी, निळी शाई:
बंद करू नका. रो. थे.

रोलां थेरियो. चार वर्षांपूर्वी निवृत्त,
गेल्या थंडीत वारले.
त्यांच्या जागेवरची जॉर्डिन
डब्यावर पाय ठेवून बसायची.
काम काय करतो हा?
तिने खांदे उडवले.
मी 'काम'च्या रकान्यात लिहिलं: ऊब.
मग खोडलं.

नियम असा की बिनमालकाला नव्वद दिवसांची नोटीस.
द्यायची कुणाला, ते नियमात नाही.
मी ती डब्यालाच चिकटवली,
निळ्या शाईच्या शेजारी.

एप्रिलचा शुक्रवार, दुपारचे चार.
बटण दाबलं. घुरघुर थांबली.
आम्ही अर्धा तास उभे राहिलो.
काही झालं नाही.
देखरेख समितीपुढे मी वाचलं: एक यंत्र कमी.
सभापतींनी मान डोलावली.
पुढचा विषय पार्किंगचा होता, तो दीड तास चालला.

मे सरता सरता, तळ्यांवरचा बर्फ फुटून गेल्यावर,
फोर्ट केंटहून फोन.
पार वर, नदीपलीकडे कॅनडा.
ओझेली सीर, वय एक्क्याण्णव,
इंग्रजीला फ्रेंच वळण.
"माझं पत्र आलं नाही."
कुठलं पत्र?
"बर्फ गेला की येतं ते.
म्हाताऱ्यांचा परवाना फुकट, असं लिहिलेलं.
यंदा कुठल्या तळ्यात ट्राउट सोडले, त्याची यादी.
आणि तळाशी एक ओळ, आमच्या भाषेत."
काय असतं त्या ओळीत?
"यंदाही आहात ना?"
ती थोडी थांबली.
"मी दर वर्षी कळवते, आहे म्हणून.
कुणी वाचतं की नाही, देव जाणे."

डबा भंगारात निघाला होता, ट्रक मंगळवारी येणार.
जॉर्डिनने सोमवारीच
तो सोडवून मांडीवर घेतला, गाडी मी चालवली.
चालू केला तेव्हा
त्याच्या हिशेबी १९७० साल होतं.
आत दोनशे सहा नावं.
त्यातली किती उरलीत
ते आरोग्य खात्याच्या यंत्राला ठाऊक,
पण ते यंत्र या यंत्राशी बोलत नाही.
एकाच राज्याचे नोकर दोघं.

थेरियोंच्या खणात एक खोका सापडला,
उत्तरांचा, वर्षवार लावलेला.
शेवटच्या चार वर्षांची
टपालखोलीत पोत्यात पडली होती, न फोडलेली.

तक्ता पुन्हा उघडला.
काम: विचारपूस.
मालक या रकान्यात पेन्सिलीने स्वतःचं नाव घातलं.
पेन्सिल समितीला चालत नाही.
बैठक नऊ जूनला आहे.

त्या रात्री दोनदा उठले,
वीज आहे ना ते बघायला.